पगार सरकारचा, पाळक कोणाचा? लुथरन चर्चची पाचशे वर्षं

कोल्हापुरात लुथरन चर्च नाही. इथलं ख्रिस्ती काम १८५२ साली वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने सुरू केलं आणि पुढे ते प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. वाइल्डर मेमोरियल चर्चला नाव त्यांचंच. त्यामुळे लुथरन म्हटलं की इथल्या बऱ्याच ख्रिस्ती लोकांनाही मार्टिन ल्यूथर हे जर्मन धर्मसुधारक, १५१७ साल आणि पोपच्या चर्चविरुद्धचे त्यांचे ९५ मुद्दे एवढंच आठवतं. त्यापुढचा इतिहास मात्र कोल्हापूरकराला परका वाटायचं कारण नाही. पुजारी कोणी नेमायचा, दानपेटीची किल्ली कोणाकडे, गाभाऱ्यातल्या विधीत सरकारने बोलायचं का, हे अंबाबाईच्या देवळावरून आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. लुथरन मंडळ्यांमध्ये हाच वाद पाच शतकं आणि अनेक देशांत चालला.

एक गैरसमज आधीच बाजूला काढू. सरकारने बाहेरून येऊन लुथरन चर्चची मान धरली, असं चित्र रंगवलं जातं. खरं तर सरकारला पहिलं आमंत्रण चर्चनेच दिलं. आणि सरकारने ‘अमुक माना’ असं तोंडावर सांगितल्याचे प्रसंगही त्या मानाने कमी आहेत. ते आत आलं ते चार वाटांनी: नेमणूक, पगार, प्रार्थनापुस्तक आणि जन्म-लग्नाचं दप्तर.

सॅक्सनी: तात्पुरती सोय

१५२१ साली वर्म्सच्या सभेत सम्राटासमोर ल्यूथरनी माघार घेतली नाही आणि त्यांच्यावर बहिष्काराचा हुकूम निघाला. ते जगले, कारण सॅक्सनीचे इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेले राजे) फ्रेडरिक यांनी त्यांना वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवून ठेवलं. म्हणजे राजाश्रय पहिल्या दिवसापासूनचा.

पुढची अडचण कारभाराची होती. बिशप जुन्या, कॅथलिक पंथात राहिले. पाळकांना, म्हणजे गावोगावच्या धर्मगुरूंना, दीक्षा कोणी द्यायची, लग्नाचे तंटे कोणी सोडवायचे, रिकाम्या मठांच्या जमिनी कोणी सांभाळायच्या, याला धनीच उरला नाही. सरदारांनी चर्चच्या जमिनी घशात घालायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी पाळकाचा धान्याचा वाटा थांबवला. पोपची सत्ता गेली, आता देणं कसलं, असा सरळ हिशेब. गावोगावचे पाळक उपाशी पडायला लागले, तेव्हा ल्यूथरनी नवे इलेक्टर योहान यांच्याकडे सरकारी तपासणीची मागणी केली.

१५२७ साली चार जणांचं तपासणी मंडळ नेमलं गेलं: हान्स फॉन डेर प्लानित्झ आणि आस्मुस फॉन हाउबित्झ हे दोन सरदार, कायदेपंडित शुर्फ आणि धर्मपंडित मेलांख्थॉन. काम दोन भागांत होतं. एकीकडे पाळकाची परीक्षा: काय शिकवतो, प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा तरी येतात का, वागणूक कशी आहे. दुसरीकडे जमीन, धान्य आणि पाळकाच्या घराची पाहणी. जे दिसलं ते वाईट होतं. ल्यूथरनी १५२९ साली लहान प्रश्नोत्तरावली (धर्मशिक्षणाचं छोटं पुस्तक) लिहिली ती या तपासणीत दिसलेल्या अज्ञानाला वैतागूनच. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी तसं स्पष्ट म्हटलंय.

तपासणीच्या १५२८ च्या सूचनांना ल्यूथरची प्रस्तावना आहे. तिच्यात ते सांगतात की इलेक्टरचं काम शिकवणं किंवा आत्मिक राज्य करणं नाही. बिशप नाहीत म्हणून ख्रिस्ती प्रेमापोटी त्यांनी ही मदत करावी. इलेक्टरच्या स्वतःच्या हुकुमाची भाषा मात्र वेगळी आहे. तिथे प्रेम वगैरे नाही, राज्यकर्त्याचा अधिकार आहे: ज्याला नवी व्यवस्था मान्य नाही त्याने मालमत्ता विकून राज्याबाहेर जावं. एकाच कामाचे दोन कागद आणि त्यांत दोन वेगळी चर्च. पुढचा सगळा इतिहास या फटीत घडला.

१५३९ साली विटेनबर्गला कन्सिस्टोरियम नावाचं कायम कार्यालय उघडलं, दोन धर्मपंडित आणि दोन वकील. सुरुवातीला काम लग्नाच्या खटल्यांचं, मग शिस्तीचं, मग नेमणुकांचं. ते मंडळीने निवडलेलं नव्हतं, इलेक्टरने नेमलेलं होतं. इतर लुथरन राज्यांनी हाच नमुना उचलला. तात्पुरती म्हणून केलेली सोय जर्मनीत नोव्हेंबर १९१८ पर्यंत टिकली, म्हणजे शेवटचा राजा पायउतार होईपर्यंत.

राजा आपल्या बाजूचा असतो तोवर अशी व्यवस्था गोड लागते. १५४७ साली म्यूलबर्गच्या लढाईत लुथरन राजे हरले, आणि पुढच्याच वर्षी सम्राटाने ‘इंटेरिम’ नावाचा फर्मान काढून जुने विधी परत आणायला लावले. सॅक्सनीच्या नव्या इलेक्टरला दोन्हीकडून सांभाळायचं होतं. त्याच्या पंडितांनी तोड काढली: पोशाख, सण, विधी या गोष्टींवर तारण अवलंबून नाही, तेव्हा तेवढ्या मान्य करू. याला विरोध करणाऱ्या फ्लाकियसचा मुद्दा असा की एरवी ज्या गोष्टीने फरक पडत नाही, तीच सरकारी जबरदस्तीने आली की फरक पडतो. तेव्हा साधा झगा घालणंसुद्धा कबुली ठरते. १५७७ च्या ‘एकमताचं सूत्र’ या लुथरन शिकवणुकीच्या मसुद्यात दहाव्या कलमात हाच विचार बसवला गेला. गंमत अशी की ते सूत्र राज्याराज्यांत लागू झालं ते राजांच्याच जोरावर. ते ज्यात छापलं गेलं त्या १५८० च्या संग्रहावर पहिल्या सह्या तीन इलेक्टरांच्या, मग सरदारांच्या आणि ३५ शहरांच्या, आणि मग सुमारे ८,००० पाळक-शिक्षकांच्या. सही न करणाऱ्याची नोकरी धोक्यात, हे वेगळं सांगायला नको.

त्याआधी १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने ठरवून टाकलं होतं की राज्य ज्याचं, पंथ त्याचा. प्रजेला सूट एकच: घरदार विकून दुसऱ्या राज्यात जायचं.

उत्तरेकडे: घंटा आणि परीक्षा

डेन्मार्कच्या राजा तिसऱ्या क्रिस्तियानने ऑगस्ट १५३६ मध्ये सगळे बिशप एका झटक्यात कैद केले आणि त्यांची मालमत्ता खालसा केली. तो नुकताच यादवी जिंकला होता, तिजोरी रिकामी होती आणि भाडोत्री सैनिक पगाराला बसले होते. पुढच्या वर्षी विटेनबर्गहून योहान्स बुगेनहागेन आले. त्यांनी राजाला मुकुट घातला आणि बिशपांच्या जागी आलेल्या सात नव्या अधीक्षकांना दीक्षा दिली. बुगेनहागेन स्वतः बिशप नव्हते. जुनी परंपरा तिथे मुद्दाम तोडली गेली. नॉर्वे आणि आइसलंड डेन्मार्कच्या ताब्यात, म्हणून तिथेही हेच लादलं गेलं. आइसलंडचे शेवटचे कॅथलिक बिशप योन आरासोन यांचा १५५० साली शिरच्छेद झाला.

स्वीडनच्या गुस्ताव वासाचं लक्ष शिकवणुकीपेक्षा मालमत्तेवर होतं. १५२७ च्या वेस्तेरोस सभेत बिशपांचं आणि मठांचं ‘जास्तीचं’ उत्पन्न मुकुटाकडे गेलं, आणि सरदारांना त्यांच्या पूर्वजांनी १४५४ नंतर चर्चला दिलेल्या जमिनी परत मागायची मुभा मिळाली. सरदार नव्या धर्माच्या बाजूने कसे वळले, हे त्या एका सालावरून कळतं. १५३१ साली ल्यूबेक शहराचं कर्ज फेडायला राजाने गावोगावच्या चर्चची एकेक घंटा मागितली. घंटा गावाने वर्गणी काढून ओतवलेली असायची. दालार्ना प्रांतातल्या शेतकऱ्यांनी ती द्यायला नकार दिला आणि बंड उभं राहिलं. राजाने आधी समझोत्याची भाषा केली आणि जम बसल्यावर पुढाऱ्यांची मुंडकी उडवली.

दप्तराची वाट याहून शांत आणि जास्त खोल गेली. स्वीडनच्या १६८६ च्या चर्च कायद्याने पाळकाला घरोघरच्या परीक्षेची वही ठेवायला लावली. वर्षातून एकदा आळीतली सगळी माणसं एका घरात जमायची. धनी, बायको, पोरं, गडी, मोलकरीण, सगळ्यांची नावं ओळीने. वाचन किती येतं, प्रश्नोत्तरावली किती पाठ, अर्थ किती कळला, याच्या खुणा प्रत्येक नावापुढे. कोण कुठून आला, कुठे गेला, कधी देवी टोचल्या, हेही पुढे त्याच वह्यांत चढत गेलं. म्हणून आज स्वीडिश माणसाला आपली वंशावळ अठराव्या शतकापर्यंत सहज शोधता येते. सैन्यभरती आणि कर यांनाही हीच माहिती कामाला आली.

डेन्मार्क-नॉर्वेत १७३६ साली दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्या मुलाने मोठेपणी आपला विश्वास जाहीर कबूल करण्याचा विधी) कायद्याने सक्तीचं झालं. दृढीकरण नाही तर लग्न नाही. त्यासाठी पोराला प्रश्नोत्तरावली यायला हवी, म्हणजे वाचता यायला हवं, म्हणून १७३९ साली गावशाळांचा हुकूम निघाला. शिकवायला पोंतोप्पिदान यांचं १७३७ चं सरकारमान्य पुस्तक, त्यात ७५९ प्रश्नोत्तरं. खेड्यातल्या पोराने साडेसातशे उत्तरं घोकायची, नाहीतर लग्न अडलं. हसू येतं, पण सार्वत्रिक साक्षरतेची सुरुवात तिथे अशी झाली. सरकारी हस्तक्षेपाला सरसकट शिव्या घालणाऱ्याने याचाही हिशेब मांडावा.

उलटी बाजू १७४१ च्या सभाबंदीची. पाळकाच्या परवानगीशिवाय घरात प्रार्थनासभा भरवायला मनाई. नॉर्वेचा शेतकरीपुत्र हान्स नील्सेन हाउगे गावोगाव फिरून उपदेश करायचा. त्याला १८०४ साली पकडलं आणि खटला तब्बल दहा वर्षं रेंगाळला. मधे १८०९ साली इंग्रजांच्या नाकेबंदीने देशात मिठाचा तुटवडा पडला, तर सरकारने याच कैद्याला मिठागरं उभारायला बाहेर काढलं आणि काम झाल्यावर परत आत टाकलं. १८१४ साली १,००० रिक्सडेलर दंडावर प्रकरण मिटलं. तोवर तब्येत खचली होती. सभाबंदी नॉर्वेत १८४२ साली उठली. स्वीडनचा १७२६ चा तसाच कायदा १८५८ साली.

प्रशिया: राजाने लिहिलेली उपासना

हस्तक्षेप कसा बिघडत जातो हे बघायचं तर प्रशियाइतकं चांगलं उदाहरण नाही. तिथलं राजघराणं १६१३ पासून कॅल्विनपंथी (प्रॉटेस्टंटांचाच दुसरा पंथ) आणि प्रजा लुथरन. तिसरा फ्रीडरिष विल्हेल्म स्वतः कॅल्विनपंथी आणि राणी लुइझे लुथरन, म्हणजे नवरा-बायकोला एका वेदीपाशी प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) घेता येत नसे. राजा श्रद्धाळू होता, हे मान्य करायला हवं. २७ सप्टेंबर १८१७ ला त्याने दोन्ही पंथांनी एक व्हावं असं जाहीर आवाहन केलं आणि ३१ ऑक्टोबरला, सुधारणेच्या तीनशेव्या वर्षी, पोट्सडामच्या लष्करी चर्चमध्ये एकत्र प्रभुभोजन घेतलं. आवाहनात लिहिलं होतं की हे ऐच्छिक आहे.

इथपर्यंत फारसं कोणी कुरकुरलं नाही. मग राजाला प्रार्थनापुस्तकाचा नाद लागला. सोळाव्या शतकातली जुनी पुस्तकं धुंडाळून त्याने स्वतः उपासनाक्रम रचला आणि १८२२ पर्यंत तो छापून गावोगाव पाठवला. पाळकाचा काळा झगा तर त्याने १८११ मध्येच हुकुमाने ठरवून दिला होता. जर्मन प्रॉटेस्टंट पाळक आजही जो घालतात तो हाच.

भांडण पेटलं ते वेदीपाशी. भाकर देताना लुथरन पाळक म्हणायचा: घ्या, खा, हे ख्रिस्ताचं खरं शरीर आहे. राजाच्या पुस्तकात वाक्य बदललं: ‘ख्रिस्त म्हणतो, हे माझं शरीर आहे’. ख्रिस्ताच्या तोंडी वाक्य घातलं की ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ आपापला लावावा. लुथरनाने खरं शरीर समजावं, कॅल्विनपंथीयाने खूण समजावी, भांडण संपलं. कचेरीत बसून काढलेली ही पळवाट. पण गुडघे टेकून ती भाकर घेणाऱ्या सिलेशिया प्रांतातल्या विणकराला आपल्याकडून काय काढून घेतलं जातंय हे नीट कळलं. शिवाय अखंड चकत्यांऐवजी भाकर मोडून द्यायची पद्धत आली. ती कॅल्विनपंथीयांची म्हणून ओळखली जायची.

१८३० साली आउग्सबुर्ग विश्वासांगीकाराच्या (लुथरन श्रद्धेच्या मूळ जाहीरनाम्याच्या) तीनशेव्या वर्षी पुस्तक वापरण्याचा रेटा वाढला. ब्रेस्लाउचे पाळक-प्राध्यापक शाइबेल यांनी नकार दिला आणि ते निलंबित झाले. त्यांच्या लोकांनी वेगळं लुथरन चर्च चालवायची परवानगी मागितली, मिळाली नाही. २८ फेब्रुवारी १८३४ चा हुकूम तर वाचण्यासारखा आहे. ऐक्य म्हणजे आपला विश्वासांगीकार सोडणं नव्हे, असं त्यात म्हटलंय. पुस्तक मात्र सक्तीचं. आणि जे ऐक्यात नाहीत त्यांनी वेगळी मंडळी काढायची नाही. तुम्ही लुथरन राहा, फक्त लुथरन उपासना करू नका, असा त्याचा अर्थ.

होनिगर्न गावात पाळक केल्नर यांना अटक झाली तेव्हा गावकऱ्यांनी चर्चच्या दाराशी पहारा धरला. २४ डिसेंबर १८३४ ला पहाटे सुमारे पाचशे सैनिक आले, त्यांत घोडदळही. बंदुकांच्या दस्त्यांनी आणि तलवारीच्या पात्याच्या सपाट बाजूने लोकांना बाजूला करून दार फोडलं. दुसऱ्या दिवशी नाताळची उपासना राजाच्या पुस्तकातून झाली. जे येत नव्हते त्यांच्या घरी शिपाई मुक्कामाला बसवले. त्यांचं खाणंपिणं घरमालकाने बघायचं.

बाकी ठिकाणी दंड, तुरुंग, मालाची जप्ती. पाळक आउगुस्ट कावेल यांनी लंडनला जाऊन फाइफ अँगस या व्यापाऱ्याकडून प्रवासाचा पैसा उभा केला, तर सरकारने पासपोर्ट दोन वर्षं रखडवले. अखेर नोव्हेंबर १८३८ मध्ये त्यांचं जहाज दक्षिण ऑस्ट्रेलियाला लागलं. पुढच्याच वर्षी ग्राबाउ यांच्याबरोबर हजारभर माणसं अमेरिकेत बफेलो आणि मिलवॉकीकडे गेली. राजा १८४० मध्ये वारला. त्याच्या मुलाने पाळकांना सोडलं आणि १८४५ साली वेगळ्या चर्चला मान्यता दिली. तोवर एका मोठ्या ऐक्यासाठी निघालेल्या राजाने दोनाची तीन चर्च केली होती: लुथरन, कॅल्विनपंथी आणि संयुक्त.

आणि सरकार सुटलं म्हणून सगळं सुखाचं झालं, तर तसंही नाही. ऑस्ट्रेलियात पोचून आठ वर्षं झाली नाहीत तोच, १८४६ साली, कावेल आणि दुसरे पाळक फ्रित्शे यांच्यात फूट पडली. वरून हुकूम देणारं कोणी नाही, तसं भांडण मिटवणारंही कोणी नाही. तिथले दोन प्रवाह एक व्हायला १९६६ साल उजाडलं.

आपल्याकडचं वेदोक्त प्रकरण याच्या शेजारी ठेवून बघावं. १८९९ साली पंचगंगेवरच्या कार्तिकस्नानात आपल्यासाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जातात हे शाहू महाराजांच्या लक्षात आलं. राजोपाध्यांनी वेदोक्त विधीला नकार दिला. १९०२ साली त्यांचं वतन खालसा झालं. १९२० साली महाराजांनी क्षात्रजगद्गुरूचं पीठच निर्माण केलं. हत्यार तेच, पोटाला हात घालण्याचं. पण प्रशियात लोक स्वतःसाठी जुने शब्द मागत होते आणि राजा ते काढून घेत होता. इथे पुरोहित जातीच्या नावाखाली दुसऱ्याला मंत्र नाकारत होते. राजाने विधीत हात घातला एवढ्यावरून निवाडा होत नाही. कोणाचं काय काढून घेतलं आणि कोणाला काय मिळालं, हे विचारावंच लागतं.

तंजावर, श्रीरामपूर आणि महायुद्ध

भारतात लुथरन पंथ आला तोच राजाच्या खर्चाने. डेन्मार्कच्या चौथ्या फ्रेडरिकने पाठवलेले झीगेनबाल्ग आणि प्लुचाउ ९ जुलै १७०६ ला ट्रांकेबारला, म्हणजे तरंगमबाडीला उतरले. ही डॅनिश वखार तंजावरच्या भोसल्यांच्या मुलुखाला लागून होती. राजाने पाठवलं खरं, पण वखार कंपनीची, आणि व्यापाऱ्यांना ही ब्याद नको होती. कमांडंट हासियसने १७०८ मध्ये झीगेनबाल्गना चार महिने कोठडीत ठेवलं. एका सरकारची सनद आणि त्याच सरकारचा तुरुंग.

त्याच परंपरेतले श्वार्ट्झ पुढे तंजावर दरबारात इतके विश्वासाचे झाले की तुळजाजी राजांनी आपला दत्तक मुलगा सरफोजी त्यांच्या देखरेखीखाली दिला. लुथरन पाळक, पगार इंग्लंडच्या अँग्लिकन संस्थेचा आणि शिष्य मराठा राजपुत्र! सरफोजींनी त्यांचं संगमरवरी स्मारक इंग्लंडहून करवून आणलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

मराठीचाही यात एक धागा आहे. ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना आपल्या मुलुखात थारा देत नव्हती, म्हणून बाप्टिस्ट विल्यम कॅरी १८०० साली बंगालमधल्या, डॅनिश झेंड्याखालच्या श्रीरामपुरात राहायला गेले. १८०५ चं मराठी व्याकरण तिथून निघालं. इंग्रज सरकारचा हस्तक्षेप टाळायला डॅनिश सरकारचा आसरा घेतला, असा हा प्रकार.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन मिशनऱ्यांना कैद केलं किंवा परत पाठवलं. छोटानागपूरच्या गोस्नर मिशनच्या शाळांवर काही काळ अँग्लिकन बिशपांनी देखरेख ठेवली. अँग्लिकन चर्चमध्ये विलीन होण्याऐवजी तिथल्या आदिवासी मंडळ्यांनी १० जुलै १९१९ ला स्वायत्त चर्च जाहीर केलं. त्याच वर्षी जानेवारीत तमिळ लुथरन चर्चही उभं राहिलं. पैसा आणि गोरे मिशनरी एकदम गेले आणि जबाबदारी घ्यायला स्थानिक माणसं पुढे झाली. आपल्या जुन्या घरांवर जी मंगलोरी कौलं दिसतात, त्यांचा धंदा सुरू करण्यात मोठा वाटा बासेल मिशनचा (लुथरन आणि रिफॉर्म्ड म्हणजे कॅल्विनपंथी, दोन्हींचं मिश्र). त्यांचे कारखानेही याच युद्धात हातचे गेले आणि कॉमनवेल्थ ट्रस्टकडे सोपवले गेले.

१९३३ आणि १९४२

१९१८ साली जर्मन राजे गेले. १९१९ च्या वायमार घटनेच्या कलम १३७ ने सांगितलं की सरकारी चर्च राहणार नाही. चारशे वर्षांत पहिल्यांदाच आपला कारभार आपण करायचा होता, आणि चौदाच वर्षांत हिटलर आला.

त्याने चर्च ताब्यात घ्यायला सुरुवातीला रणगाडे लावले नाहीत, निवडणूक लावली. २३ जुलै १९३३ ला चर्चच्या निवडणुका घाईने घेतल्या गेल्या. आदल्या रात्री हिटलर स्वतः रेडिओवर ‘जर्मन ख्रिस्ती’ या नाझींच्या बाजूच्या गटासाठी बोलला. चर्चमध्ये कधी पाऊल न टाकणारे पक्षाचे लोक मतदार यादीत नाव होतंच म्हणून मत टाकून गेले. गट जिंकला. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या सिनडने (चर्चच्या प्रतिनिधी सभेने) ज्यू वंशाच्या पाळकांना काढणारा नियम केला आणि लुडविग म्युलर राष्ट्रीय बिशप झाला. डिसेंबरात चर्चची तरुण मंडळं हिटलर युथमध्ये विलीन झाली. १९३५ पासून चर्च कार्यालयांत सरकारी वित्त विभाग बसवले गेले: पगार, वर्गणी, खर्च सगळं त्यांच्या सहीने. विरोध करणाऱ्या पाळकाला उपदेशाबद्दल बोलायची गरज नाही. पगार अडकवला की पुरे.

बव्हेरियाचे बिशप माइझर आणि व्युर्टेमबर्गचे वुर्म यांना ऑक्टोबर १९३४ मध्ये नजरकैदेत टाकलं, तेव्हा हजारो माणसं रस्त्यावर आली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. म्हणजे रेटा चालत होता. हाच रेटा ज्यूंसाठी लावला गेला नाही. बिशपांनी आपली संस्था वाचवली. शेजारी वाचवला नाही. सत्तेला देवाची व्यवस्था मानायची लुथरन सवय त्यात होती, असं माझं मत आहे, पण भीती आणि जुना ज्यूद्वेष हेही तितकेच होते.

नॉर्वेच्या पाळकांनी सरकारी नोकरी आणि पाळकपण यांच्यातली गाठ कशी सोडवली, ते नीट बघण्यासारखं आहे. नाझींच्या पाठबळावरच्या क्विस्लिंगच्या सरकारविरुद्ध सगळ्या बिशपांनी २४ फेब्रुवारी १९४२ ला सरकारी पदं सोडली. ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, पाळकांनी निवेदन वाचून तेच केलं. दहातले नऊ त्यात होते. सोडलं ते नेमकं काय? सरकारी पगार आणि सरकारी कामं. ठेवलं काय? उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, दफनविधी. खर्च गावाने वर्गणी काढून चालवला. सरकारकडे इमारती उरल्या आणि मूठभर आज्ञाधारक पाळक. बिशप बर्गग्राव युद्ध संपत येईपर्यंत आस्करच्या लाकडी घरात पहाऱ्याखाली होते. राजाने नेमलेल्या चर्चला राजाशिवाय जगता येतं, हे त्या तीन वर्षांत दिसलं.

आजचा हिशेब

स्वीडनने १ जानेवारी २००० ला आणि नॉर्वेने १ जानेवारी २०१७ ला चर्च सरकारपासून वेगळं केलं. जर्मनीत सरकारी चर्च नाही, पण चर्च कर सरकारच गोळा करतं: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये प्राप्तिकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९. ९ टक्क्यांच्या राज्यात ज्याचा वर्षाचा प्राप्तिकर ५,००० युरो, त्याने वर ४५० चर्चला द्यायचे. नको असेल तर पाळकाला सांगून भागत नाही. न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याची नोंद करावी लागते. चर्चमधून बाहेर पडणाऱ्यांची रांग सरकारी खिडकीपुढे लागते, हा १५२७ चा वारसा.

डेन्मार्क अजून तसाच. लुथरन चर्चला स्वतःचा सिनड नाही. कायदे संसद करते, खातं मंत्र्याकडे, पाळकांच्या पगारातला ४० टक्के वाटा सरकारचा. दक्षिण युटलंड सोडलं तर मूल कोणत्याही धर्माचं असो, जन्माची नोंद चर्च कार्यालयाच्या यंत्रणेतच होते. १९४७ साली स्त्रियांना पाळक होण्याची वाट संसदेच्या कायद्याने खुली झाली, बहुतेक बिशपांचा विरोध असताना. आणि २०२३ साली त्याच संसदेने १६८६ पासून चालत आलेला ‘मोठा प्रार्थनादिन’ सुट्ट्यांच्या यादीतून काढला, कारण संरक्षण खर्चाला पैसे हवे होते. बिशपांनी विरोध केला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, सुट्टी गेली.

आपल्याकडे प्रमाण उलटं आहे. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या चर्च ट्रस्टला विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो आणि जमीन विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी. उपासनाक्रमात कोणी हात घालत नाही. त्रास होतो तो वेगळ्या जागी: निवडणूक झाली, बदल अर्ज वेळेत गेला नाही, जुन्या विश्वस्तांची नावं कागदावर तशीच राहिली, आणि मग दोन गट आपणच खरी मंडळी म्हणून वर्षानुवर्षं कोर्टात. प्रभुभोजनाच्या वेळचे शब्द कोणते, यावर या फाइलींत एक ओळ नसते. म्हणून नव्या कमिटीने पहिल्या बैठकीत ठराव, हजेरी आणि जुन्या विश्वस्तांचे राजीनामे यांच्या सहीच्या प्रती एकत्र करून ठेवाव्यात, आणि बदल अर्ज वकिलाकडे त्याच महिन्यात द्यावा.